जपानी कराओकेतली उंच गाणी: गळा नेमका कुठे अडतो

पुण्यात मी जपानी शिकवते. बॅच संपत आली की मुलं एक संध्याकाळ गाण्यांसाठी मागून घेतात. लॅपटॉप, एक स्पीकर, दोन माइक आणि भिंतीवर गाण्याचे शब्द, एवढीच तयारी. आणि दर वेळी कुणीतरी मुलगा ‘कोनायुकी’ लावतोच. कोनायुकी म्हणजे पिठासारखा भुरभुरणारा बर्फ. रेमिओरोमेन या तिघांच्या बँडचं हे २००५ सालचं गाणं, ‘एक लिटर अश्रू’ या टीव्ही मालिकेत ते वाजायचं. सुरुवात इतकी खालच्या सुरात आणि निवांत, की शेजारच्याशी बोलल्यासारखी गाता येते. मुलगा खुशीत असतो. उच्चार नीट, ताल नीट. मग गाण्याचं मुख्य वळण येतं. ‘को’वरून ‘ना’वर उडी घ्यायची आणि त्या ‘ना’वर थांबून राहायचं. तिथे हनुवटी वर जाते, खांदे कानांना टेकतात, मानेची शीर फुगते आणि आवाज चिरकतो, नाहीतर फुटतो.

मला ते बघून फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या मुलाचा गळा चांगला असतो. हे गाणं कसं बांधलंय आणि ते गळ्याला कुठे पकडतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मीही जपानमध्ये नोकरीला असताना पहिली दोन वर्षं अशीच ओरडून गायले आणि दुसऱ्या दिवशी बसलेला गळा घेऊन ऑफिसला गेले. लहानपणी पेटीवर शिकलेलं थोडंफार गाणं पुढे उपयोगी पडलं, तेव्हा कुठे कोडं सुटत गेलं. म्हणून हा लेख.

आधी गाण्याचा बांधा बघू. आपल्याकडे भावगीत असो की सिनेमातलं गाणं, ध्रुवपद आधी येतं. गाण्याचा सगळ्यात ओळखीचा भाग कानावर पडतो, मग अंतरा, मग परत ध्रुवपद. जपानी पॉप गाणं साधारणपणे उलट्या वाटेनं चालतं. पहिला तुकडा ‘ए-मेलो’, दुसरा ‘बी-मेलो’, आणि तिसरा ‘साबी’. साबी म्हणजे गाण्याचा गाभा, ज्यासाठी सगळे थांबलेले असतात. ए-मेलो खाली, बोलल्यासारखा. बी-मेलो जरा वर सरकतो, ताण वाढवतो. साबीला दार उघडतं आणि सूर एकदम वर जातो. म्हणजे पहिलं मिनिट गाणं तुम्हाला ‘मी सोपं आहे’ असं सांगत असतं आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून पट्टी ठरवता. चूक तिथेच होते. जपानी गाण्याची पट्टी साबीवरून ठरवायची, सुरुवातीवरून कधीच नाही. वर शेवटच्या साबीत पुष्कळदा सगळी पट्टीच अर्ध्या किंवा एका सुरानं वाढवतात. त्याला ते ‘तेन्चो’ म्हणतात. गळा दमलेला असतो नेमका तेव्हा आणखी एक पायरी.

आता उंची मोजायची कशी? जपानी लोकांनी यासाठी एक सोयीची भाषा केली आहे आणि कराओकेवाले ती सर्रास वापरतात. ‘हे गाणं हाय-सीपर्यंत जातं’, ‘माझा आवाज मिड-टू-जीला संपतो’, असं बोलतात. ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा सूर, पेटीची पांढरी सहा, तो त्यांचा ‘हाय-ए’. त्याच्या खालच्या सप्तकातला ‘मिड-टू-ए’, त्याच्याही खाली ‘मिड-वन-ए’, आणि वर ८८० हर्ट्झला ‘हाय-हाय-ए’. सप्तक ‘ए’पासून मोजायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मधली पांढरी एक २६२ हर्ट्झची, तिला ते ‘मिड-टू-सी’ म्हणतात. वरच्या सप्तकातली पांढरी एक ५२३ हर्ट्झची, ती ‘हाय-सी’. पेटी घरात असेल तर हे वाचताना पट्ट्या दाबून बघा, आकड्यांपेक्षा कानाला लवकर कळतं.

साधा पुरुष बोलतो तेव्हा त्याचा आवाज सेकंदाला शंभर ते एकशेतीस कंपनांच्या आसपास असतो. गाताना तो तसाच जाड आवाज वर नेत गेला, तर ३३० ते ३९२ हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे मिड-टू-ई ते मिड-टू-जीच्या मध्ये कुठेतरी अडायला लागतो. बायकांच्या बाबतीत हीच अडचण साधारण हाय-ए ते हाय-सीमध्ये येते. या जागेला मी मुलांना ‘सांधा’ म्हणून सांगते. पाइपच्या दोन तुकड्यांमध्ये असतो तसा. आणि गेल्या चाळीसेक वर्षांतली पुरुषांनी गायलेली गाजलेली जपानी गाणी काढून बघा, कितीतरी गाण्यांची साबी नेमकी या सांध्यावर किंवा त्याच्या दोन-तीन सूर वर वसलेली असते. उंच पट्टीतला स्त्रीचा आवाज आपल्या कानाला नवा नाही, लताबाईंनी ती सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लावली. पण पुरुषानं सबंध गाणं तिथे जाऊन गायचं, हे मात्र पहिल्यांदा ऐकताना चकित करतं.

सांध्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्यायला तंबोरा आठवा. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते, जोडीच्या तारा बारीक. खर्जाची तार पिळून पिळून जोडीच्या सुराला मिळवायचा हट्ट कुणी करत नाही, कारण ती तुटेल. गळ्यात मात्र तारा बदलायची सोय नाही. स्वरतंतूंची एकच जोडी आहे. तिला जाड किंवा बारीक करण्याचं काम स्नायू करतात. स्वरतंतूंच्या आतला स्नायू आवळला की ते आखूड आणि जाडसर होतात, आवाज भरदार येतो. कंठमण्याच्या खालचा दुसरा स्नायू कंठमण्याच्या कूर्चेला जरा झुकवतो, तेव्हा स्वरतंतू ताणले जाऊन लांब आणि पातळ होतात, सूर चढतो. हाय-ए गाताना ते दर सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. इतक्या वेगानं मिटायचं तर पातळ व्हावंच लागतं. ‘कोनायुकी’च्या ‘ना’वर मुलं काय करतात, तर पहिला स्नायू सोडतच नाहीत. जाड तार तशीच पिळतात. मग कमी पडलेलं बळ मान, जबडा आणि जीभ पुरवायला बघतात, आणि गळा आवळला जातो.

जपानी भाषेत या दोन आवाजांची नावं मला फार आवडतात. जाड, रोजच्या आवाजाला ‘जिगोए’ म्हणतात. ‘जि’ म्हणजे जमीन, मूळ पाया. पातळ आवाज म्हणजे ‘उरागोए’. ‘उरा’ म्हणजे कापडाची उलटी बाजू, अस्तर. आपण त्याला खोटा आवाज किंवा चोरटा आवाज म्हणतो आणि म्हणतानाच त्याची किंमत कमी करतो. जपानी शब्दात तसं नाही. तोच आवाज, फक्त उलट बाजूनं. आपल्याकडच्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, हा अस्तराचा आवाज लावायचा संकोच वाटतो. तो संकोच गेला की अर्धी वाट मोकळी होते.

दोन्हींच्या मधला तिसराही असतो. कराओकेवाले त्याला ‘मिक्स व्हॉइस’ म्हणतात. स्वरतंतू पातळ झालेले, पण तरीही पुरते मिटणारे, त्यामुळे आवाज उंच असूनही हवेशीर वाटत नाही. ऐकणाऱ्याला तो जाड आवाजच वाटतो. तुम्हाला ज्या गायकाचा हेवा वाटतो, तो सबंध ताकदीनं ओरडत नसून बहुतेक वेळा हेच करत असतो. हे एका आठवड्यात येत नाही. रोज थोडं, हळू आवाजात, खालून वर आणि वरून खाली ‘ऊ’वर सरकत राहायचं, सांधा जाणवला तर तिथे जोर न लावता ओलांडायचा. रियाजाला पर्याय नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता स्वरांबद्दल, म्हणजे अक्षरांतल्या स्वरांबद्दल. जपानी भाषेत स्वर पाच, आ, इ, उ, ए, ओ, आणि बहुतेक प्रत्येक अक्षर स्वरानंच संपतं. मराठी माणसाला उच्चार पटकन जमतात याचं हे एक कारण. पण गाण्यात याचा अर्थ असा, की उंच सुरावर तुम्ही नेहमी एखादा उघडा स्वर धरून उभे असता, लपायला व्यंजन नसतं. ‘ना’मध्ये ‘आ’ आहे. ‘आ’साठी तोंड मोठं उघडतं, आणि मोठं उघडलेलं तोंड जाड आवाजाला वर ओढून नेतं. मैदानावर हाक मारताना आपण ‘आ’ आणि ‘ओ’ वापरतो ते उगाच नाही. म्हणून ‘ना’वर ओरडायचा मोह होतो. उपाय अगदी छोटा आहे: तोंड जरा कमी उघडायचं आणि ‘आ’ला किंचित ‘अ’कडे झुकवायचं. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, गळ्याला कळतो. ‘इ’ची अडचण याच्या उलट. तिथे तोंड जवळजवळ मिटलेलं, त्यामुळे फार उंच सुरावर ‘इ’ दबतो, बारीक होतो. तो थोडा ‘ए’कडे उघडावा लागतो. मुलांना मी सांगते, की परीक्षेत उच्चार शुद्ध हवा, साबीत मात्र स्वराला जरा मोकळीक द्या.

इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. लोक गाण्याचा सर्वांत उंच सूर बघतात आणि घाबरतात किंवा फुशारतात. ‘हाय-सी आहे, जमेल का?’ खरं तर एखादा हाय-सी, त्याआधी श्वास घ्यायला जागा असेल आणि नंतर लगेच खाली उतरायचं असेल, तर पुष्कळांना जमतो. गळा मोडतो तो मुक्कामानं. सिंहगड चढून जाणं वेगळं आणि दिवसभर वरच्या कड्यावर एका पायावर उभं राहणं वेगळं. दोन गाण्यांचा टोकाचा सूर एकच असला, तरी एक गाणं तिथे एकदा जाऊन येतं आणि दुसरं मिनिटभर तिथल्याच चार सुरांत घुटमळतं. दुसरं कितीतरी पटींनी अवघड. म्हणून गाणं निवडताना टोक विचारू नका, साबीतली बहुतेक अक्षरं कुठल्या सुरावर आहेत ते बघा.

आणि दमसास. जपानी गाण्यात साधारणपणे एका अक्षराला एक सूर मिळतो. आपल्या ठुमरीत एक शब्द घेऊन दोन आवर्तनं फिरता येतं, तिथे उलट, सूर पुढे पळतात आणि प्रत्येक सुरावर नवं अक्षर. योआसोबी या जोडीचं ‘योरू नि काकेरू’ घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये आलेलं हे गाणं २०२० च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिलं होतं. वेग मिनिटाला १३० ठोक्यांचा, शब्द एकमेकांना चिकटून, श्वासाला जागा चिमूटभर. शेवटच्या साबीत पट्टी आधी खाली उतरते, आणि जरा हायसं वाटतंय तोच वर उडी मारते. गायिका इकुरा हे सगळं हलक्या, पातळ आवाजात गाते, म्हणून ऐकताना झुळकीसारखं वाटतं. गायला गेलं की कळतं. माझा अनुभव असा, की मुलींना या गाण्यात वरचे सूर मिळतात, पण दुसऱ्या साबीपर्यंत श्वास संपलेला असतो. कुठे श्वास घ्यायचा ते कागदावर शब्दांमध्ये रेघ मारून आधी ठरवा. ऐनवेळी शोधू नका.

ही गाणी अशी का होत गेली, यामागे एक गंमतशीर खरी गोष्ट आहे. ऑगस्ट २००७ मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीनं ‘हात्सुने मिकू’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. तुम्ही सूर आणि शब्द भरायचे, ती मुलगी गाते. मुळात साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीच्या उच्चारांचे तुकडे जोडून हा आवाज केलेला. कंपनीनंच तिच्यासाठी सोयीची मर्यादा सांगितली होती: सूर मिड-टू-ए ते वरची पांढरी तीन, म्हणजे २२० ते ६५९ हर्ट्झ, आणि वेग ७० ते १५० ठोके. घरात बसून संगणकावर गाणी करणाऱ्या तरुणांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली. मिकूला श्वास लागत नाही, गळा दुखत नाही. ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’ हे २००८ सालचं गाणं मिनिटाला २४० ठोक्यांनी धावतं, आणि तरीही लोक कराओकेत ते गायला जातात. माणसासाठी नसलेली गाणी माणसांनी गाऊन दाखवायची, असा एक आखाडाच इंटरनेटवर उभा राहिला. त्याच आखाड्यातून पुढे मोठे लोक आले. योआसोबीचा संगीतकार आयासे हा तिथलाच. आजचा नावाजलेला गायक केन्शी योनेझुसुद्धा आधी ‘हाची’ या नावानं मिकूसाठी गाणी करायचा. आदो ही गायिका तर अशीच दुसऱ्यांची गाणी गाऊन पुढे आली. आजच्या जपानी गाण्यांतल्या मोठ्या उड्या, न थांबणारे शब्द, मधूनच अस्तराच्या आवाजात पडणारी अक्षरं, यांत मला तरी त्या संगणकावरच्या गाण्यांची सवय स्पष्ट ऐकू येते.

मुलग्यांसाठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. मिकूची ती २२० ते ६५९ ची मर्यादा एक सप्तक खाली आणली, तर ११० ते ३३० हर्ट्झ होते. म्हणजे साध्या पुरुषाचा अगदी आरामाचा गळा. बायकांची किंवा मिकूची गाणी पुरुषानं एक सप्तक खाली गायली, तर सूर सहज मिळतात, कधीकधी तर फारच खाली वाटतात, मग पट्टी दोन-तीन अर्धसूर वाढवून घ्यायची. पुरुषांची उंच गाणी गाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. ‘बाईचं गाणं’ म्हणून सोडून देऊ नका.

आता दोन गाणी शेजारी ठेवून बघते, कारण त्यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर असूनही अवघडपणा एकाच जातीचा आहे. पहिलं क्रिस्टल किंग या बँडचं ‘दाइतोकाइ’, म्हणजे महानगर. नोव्हेंबर १९७९ मध्ये आलं आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. दुसरं किंग नू या बँडचं ‘हाकुजित्सु’, फेब्रुवारी २०१९ चं, निर्दोष माणसांना सोडवणाऱ्या वकिलाच्या मालिकेचं शीर्षकगीत. ‘दाइतोकाइ’ला चढण नाहीच. पहिल्या ओळीलाच मासायुकी तानाका थेट तार सप्तकात, भरदार आवाजात उभा राहतो. कराओकेत हे गाणं लावणाऱ्याला गळा तापवायला एक ओळही मिळत नाही. ‘हाकुजित्सु’ची सुरुवात याच्या अगदी उलट, जवळपास उघड्या शांततेत, सातोरू इगुची अस्तराच्या आवाजात गातो. इगुचीनं तोक्यो कला विद्यापीठात गायनाचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि ते त्या पहिल्या ओळीत कळतं: आवाज अतिशय पातळ, पण एक कणसूर नाही. मोठ्यानं ओरडणं ज्याला येतं त्याला असं हळू गाणं येतंच असं नाही. हळू आवाजात उरागोए थरथरतो, त्याला आधार पोटातून द्यावा लागतो.

आणि दोन्ही गाण्यांत एक सारखी गोष्ट आहे, जी एकट्यानं गाताना लक्षात येत नाही: ती दोन माणसांची गाणी आहेत. ‘दाइतोकाइ’मध्ये तानाकाच्या उंच आवाजाला दुसऱ्या गायकाचा खालचा, घोगरा आवाज उत्तर देतो. ‘हाकुजित्सु’मध्ये इगुचीसोबत दाइकी त्सुनेता खालच्या, खरखरीत आवाजात येतो. मूळ गाण्यात उंच गायकाला मध्ये विसावा मिळतो, गळा सैल करता येतो. कराओकेत एकच मुलगा दोघांचे तुकडे गातो, वर-खाली, वर-खाली, आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःलाच दोष देतो. अशा गाण्याला दुसरा माइक मित्राच्या हातात द्या. ते गाणं तसंच केलेलं आहे.

कराओकेचा जन्मच मुळी गाणाऱ्याच्या गळ्याची सोय बघण्यातून झाला, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका छोट्या कंपनीचे मालक त्याच्या साथीवर खूश होते, कारण त्यांच्या आवाजाला काय लागतं ते त्याला कळायचं. त्यांना सहलीला जायचं होतं, इनोउएला जाता येईना, म्हणून त्यानं त्यांच्या गळ्याला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्यानं नाणं टाकून चालणारी यंत्रं केली, सुरुवातीला अकरा. पेटंट घेतलं नाही. त्याआधी १९६७ मध्ये तोक्योत शिगेइची नेगिशी यांनीही अशा प्रकारचं यंत्र केलं होतं, त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर दोन मतं आहेत. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा: गायकाची जागा रिकामी ठेवलेला ऑर्केस्ट्रा. ती जागा तुमच्या मापाची असावी, हे त्या पहिल्या टेपपासूनच ठरलेलं आहे.

म्हणून पट्टीचं बटण. जपानी कराओके बॉक्समध्ये, म्हणजे त्या छोट्या बंद खोलीत, गाणं निवडायला ‘देनमोकु’ नावाचा टॅबलेट असतो आणि त्यावर पट्टी खाली-वर करायची सोय असते. एकदा दाबलं की एक अर्धसूर, म्हणजे पांढरीवरून शेजारच्या काळीवर. १९९२ पासून फोनच्या तारेवरून गाणी पुरवणारी यंत्रं आली, त्यांत मूळ रेकॉर्डिंग नसून सुरांची नोंद असते आणि यंत्र ती त्या क्षणी वाजवतं. म्हणून पट्टी बदलली तरी साथ खराब होत नाही, वेगही बदलत नाही. हिशेब सोपा आहे. समजा साबीचा मुक्काम हाय-एवर आहे आणि तुमचा गळा मिड-टू-एफवर आरामात असतो. ए, जी-शार्प, जी, एफ-शार्प, एफ: चार पायऱ्या. उणे चार करा. मग ए-मेलो एकदा गाऊन बघा. तो फार खाली जाऊन ऐकूच येत नसेल, तर उणे तीनवर या. दोन्ही टोकांना थोडी तडजोड करावी लागते.

आपल्या मुलांना पट्टी उतरवणं म्हणजे हार वाटते. आपल्या संगीतात कुणी गवई दुसऱ्याच्या पट्टीत गातो का? ज्याचा त्याचा षड्ज. कुणी काळी एक, कुणी काळी चार, आणि त्यावरून कुणाला कमी लेखत नाही. इथेही तेच. यंत्राच्या गुणांनाही यानं धक्का लागत नाही. जपानमध्ये कराओके यंत्रांची दाम आणि जॉयसाउंड ही दोन नावं सगळीकडे दिसतात. दाममधली बारकाईनं गुण देणारी पद्धत पडद्यावर सुरांच्या आडव्या पट्ट्या दाखवते आणि तुमचा सूर त्यांवर बसतो की नाही ते बघते. पट्टी बदलली तर त्या पट्ट्याही बदलतात. एक सप्तक खाली गायलं तरी सूर बरोबर धरला जातो. शिवाय दागिने मोजले जातात: ‘शाकुरी’, म्हणजे खालून सरकत सुरावर येणं, आपल्या मींडेच्या जवळचं. ‘कोबुशी’, म्हणजे सुरावर एक झटकन वळसा, आपला खटका-मुरकीच. मराठी कान असलेल्याला हे दोन दागिने न शिकवताच येतात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खोलीतही एक लक्ष द्यायची गोष्ट आहे. खोली लहान, साथ मोठी, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलायला लागतो, गाताना तेच होतं आणि जाड तार पिळली जाते. आत गेल्यावर पहिलं काम: साथीचा आवाज कमी करा, माइकचा वाढवा, घुमारा थोडा उतरवा. स्वतःचा सूर ऐकू आला की अर्धा जोर आपोआप कमी होतो. पहिली दोन गाणी मधल्या पट्टीतली घ्या, उंच गाणं तिसरं-चौथं. पाणी कोमट किंवा साधं. गाताना दुखलं तर तिथेच थांबा. बसलेला गळा दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. स्वरतंतूंवर गाठी येतात त्या अशाच ओढाताणीनं.

गेल्या बॅचमधला तो ‘कोनायुकी’वाला मुलगा. आवाज फुटल्यावर तो माइक ठेवून बसायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, लॅपटॉपवर पट्टी उणे चार केली आणि म्हटलं, “‘ना’ला तोंड अर्धंच उघड, आणि शेवटच्या बाकावरच्यांना ऐकवायचं नाहीये, पहिल्या बाकापुरतं गा.” तो म्हणाला, “सेन्सेई, मग गाण्याचा जोर जाईल.” म्हटलं, आधी गा तर. ए-मेलो झाला. बी-मेलोला त्यानं एक खोल श्वास घेतला, खांदे जागच्या जागी. ‘को’वरून ‘ना’ला गेला आणि तिथे थांबला. सूर जरा पातळ होता, पण सरळ होता, आणि तो ओळ संपेपर्यंत टिकला. मागच्या बाकावरची मुलगी गुणगुणत त्याच्यात मिसळली. पुढच्या आठवड्यात तो वर्गानंतर थांबून म्हणाला, “सेन्सेई, आज उणे तीनवर बघू?”